नोकरीच्या शोधांतील तरुण व गांवचें वाचनालय

गेल्या पावसाळ्याच्या आरंभींचा एक प्रसंग प्रथम सांगावासा वाटतो. आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला एक विद्यार्थी आम्हांस गांवच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेंत भेटला. त्याची मुद्रा उतरलेली होती. विचारपूस करतां कळलें तें असें: एका सरकारी पदाच्या परीक्षेसाठीं त्यानें आठ महिने अभ्यास केला होता. अर्ज भरावयाचा तो इंटरनेटवरून. आपल्यास तें साधणार नाहीं अशा समजुतीनें तो अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानीं गेला. दुकानदारानें पैसे घेतले व अर्जही भरून दिला. परंतु उमेदवाराचा ई-मेलचा पत्ता व मोबाईलचा क्रमांक ज्या रकान्यांत लिहावयाचा, तेथें घाईघाईनें स्वतःच्या दुकानाचाच पत्ता व क्रमांक घातला. पुढें प्रवेशपत्र निघाल्याची सूचना आली ती दुकानदाराकडे. दिवसांतून कितीतरी अर्ज भरणाऱ्या त्या गृहस्थास ती कोणाची हें कसें कळावें? आमचा विद्यार्थी मात्र सूचनेची वाट पाहात राहिला, आणि परीक्षा होऊन गेल्यावर चार दिवसांनीं त्यास ती झाल्याचें समजलें.

"अभ्यास कमी पडला असता, तर इतकें वाईट वाटलें नसतें, सर," एवढेंच तो म्हणाला.

दुकानदारास सर्वस्वी दोष देण्यास आमचें मन धजत नाहीं. शेवटच्या दिवशीं त्याच्या दाराशीं उमेदवारांची रांग लागलेली असते, आणि त्याच्यापुढें प्रश्न असतो तो रांग संपविण्याचा. मुलास दोष द्यावा, तर हें त्यास कोणीं शिकविलें होतें? आम्हीं शिक्षकांनीं त्यास अर्जलेखन शिकविलें खरें. 'महोदय' कोठें लिहावें, 'आपला विश्वासू' कोणत्या बाजूस यावें, दिनांक विसरला तर गुण कसा जातो, हें सर्व त्यास मुखोद्गत आहे. परंतु ज्या अर्जावर आज नोकरी अवलंबून असते, त्यांत 'महोदय' नाहीं आणि 'विश्वासू'ही नाहीं. तेथें आहेत केवळ रकाने. छायाचित्र अमुक केबींहून मोठें नको, सहीची प्रत तमुक केबींहून लहान नको. नांव दहावीच्या प्रमाणपत्रावर ज्या अक्षरांनीं छापलें आहे त्याच अक्षरांनीं हवें. मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक ठराविक मिनिटांच्या आंत भरावयास हवा. शुल्क पोंचलें कीं मध्येंच अडकलें हें पाहून पावती जपून ठेवावयास हवी. यांतील एकही गोष्ट कठीण नाहीं. परंतु प्रत्येक गोष्ट पहिल्या खेपेस कोणीतरी दाखवावी लागते, आणि असा दाखविणारा मनुष्य बहुतेक घरांत नसतो.

आमचें म्हणणें असें आहे कीं, हें दाखविण्याचें काम गांवोगांवच्या सार्वजनिक वाचनालयांनीं आपल्या अंगावर घ्यावें, आणि तें लहान लहान व्हिडिओंच्या द्वारें करावें. या व्हिडिओंस आम्ही या लेखापुरतें 'चित्रपाठ' म्हणूं. एक चित्रपाठ म्हणजे एक काम: ई-मेलचा पत्ता कसा उघडावा, छायाचित्र लहान कसें करावें, भरलेल्या अर्जाची प्रत कशी उतरवून घ्यावी. मोबाईलच्या पडद्यावर बोट कोठें ठेवावयाचें तें दिसत आहे, आणि मागून शांत आवाजांत कोणीतरी मराठींत सांगत आहे, अशी ही योजना. तो पाठ इंटरनेटवर ठेविला म्हणजे ज्यास हवा त्यानें हवा तेव्हां व हवा तितक्या वेळां पाहावा. पैसा नाहीं, रांग नाहीं, आणि (हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें) लाजही नाहीं. पदवी घेतलेल्या तरुणास "मला ई-मेल पाठवितां येत नाहीं" असें चार माणसांत म्हणणें किती जड जातें, तें ज्यानें त्याचा चेहरा पाहिला आहे तोच जाणे. पडद्यापुढें तीच गोष्ट दहा वेळां विचारली तरी पडदा हंसत नाहीं.

वाचनालयानेंच कां? असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. नोकरीच्या शोधांतील तरुण आधींच तेथें येऊन बसलेला आहे. महाराष्ट्रांतील कोणत्याही मध्यम गांवच्या वाचनालयांत जाऊन पाहा. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपाशीं तुरळक वर्दळ असते. अभ्यासिकेंत मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्ची रिकामी मिळणें कठीण. पाण्याची बाटली, डबा, चालू घडामोडींचीं मासिकें आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन हीं मुलें वर्षानुवर्षें बसतात. कोणी पोलीस भरतीसाठीं, कोणी तलाठ्याच्या जागेसाठीं, कोणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठीं. वाचनालयानें त्यांस खुर्ची दिली, पंखा दिला, आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानिलें. एवढ्यानें कर्तव्य संपतें असें आम्हांस वाटत नाहीं.

"वाचनालय पुस्तकांसाठीं आहे, नोकऱ्यांसाठीं नव्हे," हा आक्षेप आम्हीं वडीलधाऱ्या व विद्वान् मंडळींच्या तोंडून ऐकिला आहे. त्यांस आम्ही बडोद्याची आठवण देऊं इच्छितों. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयें स्वतः पाहून १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानांत आणविलें. त्या गृहस्थानें तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांसाठीं शिक्षणाचा वर्ग काढिला, आणि लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून तीं खेडोपाडीं धाडण्याची व्यवस्था लाविली. हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याच ग्रंथालय खात्याची दृश्यशिक्षणाची एक शाखा होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. जादूचा कंदील, चित्रांच्या कांचा व सिनेमाचें यंत्र यांच्या साह्यानें ज्यांस अक्षरओळख नाहीं अशा लोकांपर्यंत ज्ञान पोंचवावें, हा तिचा हेतु. शंभर वर्षांपूर्वीं एका मराठी राजाच्या ग्रंथालयास चलच्चित्र परकें वाटलें नाहीं. मग ज्याच्या खिशांत मोबाईल आहे अशा वाचकाच्या ग्रंथालयास तें आज कां परकें वाटावें?

पुढें १९३१ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन् यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांतील चौथें वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. एका अर्जाच्या मुदतींत तोच प्रश्न चाळीस मुलें येऊन विचारतात, आणि ग्रंथपाल चाळीस वेळां उठून चाळीस मोबाईलांत डोकावतो. येथें वाचकाचा वेळ जातो आणि ग्रंथपालाचाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंटरनेटवर असले व्हिडिओ आधींच ढिगानें पडले आहेत. त्यांत वाचनालयानें आणखी भर कशाला घालावी? आमच्या विद्यार्थ्यांनीं दाखविलेले असे कांहीं व्हिडिओ आम्हीं मुद्दाम पाहिले. त्यांतील दोन-तीन खरोखर उत्तम होते, आणि ते करणाऱ्या तरुणांचें आम्ही कौतुक करतों. परंतु बाकीच्यांचें काय सांगावें! पहिलीं दोन मिनिटें स्वतःची स्तुति. मग आपल्या शिकवणीच्या वर्गाची जाहिरात. मग काम अर्ध्यावर आलें असतां "पुढील भाग उद्यां". एकांत दाखविलेला अर्जाचा नमुना केव्हांच बदलून गेला होता, तरी तो व्हिडिओ जसाच्या तसा उभा, आणि त्याखालीं शेंकडों मुलांचे गोंधळलेले प्रश्न. ज्यास पाहणाऱ्यांच्या संख्येवर पैसा मिळतो, त्यास जुना व्हिडिओ काढून टाकण्याची इच्छा होत नाहीं.

वाचनालयाचा धर्म नेमका याच्या उलट आहे. ग्रंथपाल पुस्तक घेतांना पारखून घेतो, त्याची नोंद करतो, आणि कालबाह्य झालेलें पुस्तक कपाटांतून बाजूस काढतो. चित्रपाठासही हाच न्याय लावावा. पाठाच्या आरंभींच तो कोणत्या महिन्यांत केला तें ठळक अक्षरांत लिहावें; दर सहा महिन्यांनीं तपासावा; चुकीचा ठरल्यास त्याच दिवशीं काढून टाकावा. पांचशें पाठ नकोत. पंधरा असावेत, परंतु ते आज खरे असावेत.

हे पाठ करावयाचे कसे, याविषयीं दोन नमुने आमच्या पाहण्यांत आहेत. एक अमेरिकेचा. तेथील पब्लिक लायब्ररी असोसिएशन या ग्रंथालयांच्या संस्थेनें 'डिजिटललर्न' या नांवानें लहान बोलके पाठ सर्वांस विनामूल्य खुले केले आहेत. संगणक प्रथम हातीं घेणाऱ्यापासून नोकरीसाठीं स्वतःची माहिती लिहून काढणाऱ्यापर्यंत सर्वांची त्यांत सोय आहे. तेथें स्पॅनिश बोलणारे लोक पुष्कळ, म्हणून इंग्रजीबरोबर स्पॅनिश भाषेंतही पाठ ठेविले आहेत. २०२० सालीं कोविडच्या साथींत जेव्हां जगभर ग्रंथालयांचीं दारें बंद झालीं, तेव्हां अशा पाठांची किंमत अनेक देशांतील ग्रंथपालांस कळून आली. दुसरा नमुना आपल्या मुंबईचा आहे, आणि तो आम्हांस अधिक अनुकरणीय वाटतो. पवई येथील आय. आय. टी. या संस्थेनें चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत संगणकावरील निरनिराळीं कामें सुमारें दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकविलीं आहेत, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचा आवाज भरला आहे. त्यांचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. पाठाची संहिता आधीं लिहून काढावयाची, व ती त्या विषयांतील अगदीं नवख्या मनुष्याच्या हातीं द्यावयाची. तो अडखळला तर संहिता चुकली असें समजावयाचें, मनुष्य नव्हे.

आमच्या गांवच्या ग्रंथपालांनीं व आम्हीं मिळून गेल्या महिन्यांत एक पाठ करून पाहिला. विषय होता छायाचित्र व सही लहान करण्याचा. चार मिनिटांच्या पाठास आम्हांस तीन संध्याकाळ लागल्या, आणि त्यांतून बरेंच शिकावयास मिळालें. पहिल्या दिवशीं आवाजापेक्षां पंख्याचाच घरघराट अधिक आला. पंखा बंद करून घाम पुशीत पुनः बोलावें लागलें. आम्हीं प्रथम संगणकाचा पडदा दाखविला होता, तेव्हां एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घरीं संगणक आहे कोठें?" तिचें खरें होतें. उमेदवारांपैकीं बहुतेकांपाशीं मोबाईलच आहे, म्हणून पाठही मोबाईलच्या पडद्याचाच हवा. आमची भाषाही फार जड झाली होती. 'आकारमान न्यूनीकरण' असें आम्हीं मोठ्या हौसेनें म्हटलें, आणि तिघांही मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें. 'फोटो लहान करणें' असें म्हणतांच काम झालें. शुद्ध मराठीचा अभिमान आम्हांस आहेच, परंतु तो निबंधांत मिरवावा. अडलेल्या माणसापुढें त्याच्या तोंडचा शब्द ठेवावा.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत उशिरा आली. अभ्यासिकेंत शांतता पाळावी अशी पाटी आहे. तेथें आवाजाचा पाठ कोणी लावावा कसा? म्हणून पडद्याच्या तळाशीं सर्व वाक्यें मराठींत लिहून दिलीं. ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांचीही सोय त्यानें झाली, हें आम्हांस मागाहून सुचलें, याची थोडी लाज वाटते. नमुन्याचा अर्ज भरतांना ग्रंथपालांनीं चुकून स्वतःचा खरा आधार क्रमांक भरला होता! तो पाठ तेथेंच पुसून टाकिला व कल्पित नांव घालून पुनः केला.

कामांच्या यादींत एक पाठ मात्र सर्वांच्या आधीं असावा असा आमचा आग्रह आहे. तो म्हणजे फसवणूक ओळखण्याचा. नोकरीच्या आशेनें व्याकूळ झालेल्या तरुणास लुबाडणें हा आज एक धंदाच होऊन बसला आहे. नेमणुकीचें खोटें पत्र येतें, त्यावर बोधचिन्ह असतें, आणि खालीं लिहिलेलें असतें कीं 'अनामत' अथवा 'प्रशिक्षण शुल्क' म्हणून इतके रुपये या खात्यांत आजच भरावे. आईचें मंगळसूत्र गहाण ठेवून असले पैसे भरलेलें एक कुटुंब आमच्या माहितीचें आहे. अधिक लिहवत नाहीं. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो, तो कसा पाहावा. परीक्षेचें शुल्क व खाजगी खात्यांत मागितलेला पैसा यांत भेद कोणता. मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक परक्यास कां सांगूं नये. आणि फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें, एवढें पांच मिनिटांत दाखवितां येतें. शिकवणीच्या जाहिरातींत हा विषय येत नाहीं, कारण त्यांत कोणाचाच नफा नाहीं.

आतां पैशाची गोष्ट. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. सरकारमान्य वाचनालयांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनीं त्यांस अनुदान मिळतें. लहान वाचनालयाचें अनुदान किती तुटपुंजें व तेथील सेवकाचें वेतन किती अल्प असतें, हें ज्यानें त्यांचा जमाखर्च पाहिला आहे त्यास सांगावयास नको. अशा सेवकावर "आतां व्हिडिओही करा" असा हुकूम सोडणें हा अन्याय होईल, आणि तसला हुकूम निघाला तर त्यास विरोध करणाऱ्यांत आम्हीही असूं. म्हणून सर्व वाचनालयांनीं हें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. जिल्ह्यांतील एखाद्या मोठ्या वाचनालयानें पाठ करावे, आणि बाकीच्यांनीं ते दाखवावे. यंत्रसामग्री लागते ती म्हणजे एक बरासा मोबाईल, एक शांत खोली व एक धीराचा मनुष्य. यांपैकीं तिसरी वस्तु दुर्मिळ आहे, आणि तिला वेतन दिलें पाहिजे.

शिवाय पाठ झाला म्हणजे ग्रंथपालाचें काम सरलें असेंही नव्हे. ज्याच्या बोटांस पडद्याची संवयच नाहीं, ज्याची दृष्टि अधू आहे, ज्याच्या मोबाईलांत त्या दिवशीं इंटरनेटचे पैसेच नाहींत, त्याच्याजवळ माणसानेंच बसावें लागेल. चाळिसांपैकीं तिसांस पाठानें मार्गीं लाविलें, तर उरलेल्या दहांपाशीं बसण्यास ग्रंथपालास वेळ मिळेल, एवढाच आमचा हिशेब.

पालकांशीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. पुष्कळ घरांत मुलीचा अर्ज तिचा भाऊ भरतो. क्रमांक भावाचा, ई-मेल भावाचा, गुप्त शब्दही त्यालाच ठाऊक. हें प्रेमानें होतें, याबद्दल शंका नाहीं. परंतु भाऊ परगांवीं गेला, अथवा त्यानें क्रमांक बदलला, कीं बहिणीच्या परीक्षेचा निकालही त्याच्याबरोबर जातो. आमच्या शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनींस हा अनुभव आला आहे. घरांत मोबाईल एकच असला तरी चालेल. ई-मेलचा पत्ता मुलीचा स्वतःचा असूं द्यावा, त्याचा गुप्त शब्द तिच्या वहींत तिच्या हातानें लिहिलेला असूं द्यावा, आणि अर्ज तिनेंच भरावा. वडिलांनीं वा भावानें शेजारीं बसून पाहावें. पहिल्या खेपेस दोन तास लागतील. लागूं द्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठींही काम आहे. नववी व दहावीच्या ज्या मुलामुलींचे उच्चार स्पष्ट आहेत, ज्यांस पाठांतराच्या स्पर्धेंत बक्षिसें मिळालीं आहेत, त्यांचे आवाज या पाठांस हवे आहेत. ज्यांचें शुद्धलेखन चांगलें, त्यांनीं पडद्याखालचीं वाक्यें लिहावीं. ज्यांस यांपैकीं कांहींच येत नाहीं असें वाटतें, त्यांची आम्हांस सर्वांत अधिक गरज आहे. त्यांनीं पाठ पाहावा व आपण कोठें अडलों तें न लाजतां सांगावें. दिवाळीच्या सुटींत दर शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां वाचनालयाच्या मागील खोलींत ग्रंथपाल व आम्ही असूं. पुढचा पाठ ई-मेलचा पत्ता उघडण्याचा आहे. त्याची संहिता लिहून तयार आहे, आणि ती नवख्या डोळ्यांनीं तपासण्यास आरंभीं सांगितलेला तो आमचा विद्यार्थी येणार आहे. त्यानें पुनः अर्ज भरला आहे, आणि या वेळीं त्यावरील पत्ता त्याचा स्वतःचा आहे.